स्वमग्नतेतील अनिवार्य विचार व कृती : पर्यायी उपचार

स्वमग्न व्यक्तींमध्ये एकच विचार वारंवार मनात येणे, वस्तू ठराविक क्रमानेच मांडण्याचा आग्रह धरणे, हात धूत राहणे, दाराची कडी पुनःपुन्हा तपासणे, उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न विचारीत राहणे यांसारखी लक्षणे पुष्कळदा आढळून येतात. ही लक्षणे सौम्य व्हावीत म्हणून रूढ औषधे व मानसोपचार यांच्याऐवजी किंवा त्यांच्या जोडीला जे वनस्पतिज, आहारविषयक, शारीरिक व अन्य उपाय योजले जातात, त्यांस पर्यायी उपचार म्हणतात. ही संज्ञा सैल आहे. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार होणारे एन-ॲसिटिल सिस्टीन, घरोघर परिचित असलेली ब्राह्मी आणि कराटेचे वर्ग ही सर्व तीत समाविष्ट होतात. या उपायांत साम्य एवढेच, की मेंदूविकारांच्या प्रचलित चिकित्सेत त्यांना अद्याप निश्चित स्थान मिळालेले नाही.

स्वरूप व भेद : ‘स्वमग्नता’ या अर्थाची मूळ संज्ञा स्विस मनोविकृतिवैज्ञानिक ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी छिन्नमानसाच्या वर्णनात वापरली. बालपणीची स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे पहिले विख्यात वर्णन लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी अमेरिकेतील बॉल्टिमोर येथून १९४३ मध्ये ११ मुलांच्या आधारे केले. त्यानंतरच्या वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) यांनी काहीशा सौम्य स्वरूपाच्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. परिस्थिती आहे तशीच राहावी, ही मुलाची चिंताग्रस्त व अनिवार ओढ कॅनर यांनी या अवस्थेच्या प्रमुख लक्षणांत गणली होती. म्हणजे अनिवार्यतेचा प्रश्न स्वमग्नतेच्या पहिल्या वर्णनापासूनच तिच्याशी निगडित आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील वर्गीकरणातही वर्तनाची, आवडींची वा हालचालींची मर्यादित व पुनरावृत्त ठेवण हा निदानाच्या दोन मुख्य निकषांपैकी एक आहे.

ओसीडी या संक्षेपाने ओळखली जाणारी विचार-कृती-अनिवार्यता ही मात्र वेगळी विकृती आहे. मराठीत तिला ‘मंत्रचळ’ हा मार्मिक शब्द पूर्वापार आहे. तिच्यात नको असलेला विचार मनात घुसतो, त्यामुळे भीती वाटते आणि ती भीती शमविण्यासाठी कृती करावी लागते. ती कृती निरर्थक आहे हे बहुधा रुग्णाला कळत असते व तिचा त्याला त्रासच होतो. स्वमग्न मुलाने उंबरठ्याजवळच्या चपला रंगांनुसार ओळीत लावल्या, तर त्यामागे अशी भीती असेलच असे नाही. ते काम त्याला आवडते, त्याने त्याचे मन शांत होते आणि आजूबाजूच्या गोंगाटात तेवढी एक गोष्ट त्याच्या ताब्यात राहते. बोलू शकणाऱ्या अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी हात हलविणे, डोलणे, एकच शब्द घोळविणे यांबद्दल असाच अनुभव सांगितला आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्वमग्न प्रौढांमध्ये क्रम लावणे, साठविणे, स्पर्श करणे, विचारणे वा सांगणे अशा कृती अधिक आढळल्या. उलट घाणीची, हिंसेची किंवा पापाची भीती केवळ मंत्रचळ असलेल्या रुग्णांत अधिक आढळली.

तथापि हा भेद लक्षात ठेवूनही दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि त्या तशा असणे विरळा नाही. स्वमग्न मुलांच्या अनेक पाहण्यांचे २०११ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यात सु. १७ टक्के मुलांत अनिवार्यता विकृतीचे निकष पूर्ण होत असल्याचे दिसून आले. अशा मुलाला चपलांची ओळ आवडते व त्याच वेळी हात धुण्याची कृती त्याला रडकुंडीस आणते. उपचार कशावर करावयाचा, हे ठरविल्याशिवाय उपचार कोणता हा प्रश्न विचारणे व्यर्थ होय. पर्यायी उपायांविषयीच्या पुष्कळ लेखनात नेमका हाच विचार सुटलेला दिसतो. तेथे ओळ, डोलणे आणि हात धुणे ही सर्व एकाच गोळीची गिऱ्हाइके मानलेली असतात.

पर्यायांचा शोध का घेतला जातो : केवळ अनिवार्यता विकृती असलेल्या प्रौढांना सिरोटोनिन या तंत्रिका-प्रेषक द्रव्याचे पुनर्ग्रहण रोखणारी औषधे बऱ्यापैकी उपयोगी पडतात. स्वमग्न मुलांतही तसेच होईल या अपेक्षेने ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली. पण अपेक्षा फारशी फलद्रूप झाली नाही. सिटॅलोप्रॅम या औषधाची १४९ मुलांवरील अमेरिकन चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत औषध घेणाऱ्यांपैकी सु. ३३ टक्के आणि छद्मौषध (औषधी द्रव्य नसलेली, परंतु दिसण्यात तशीच असलेली मात्रा) घेणाऱ्यांपैकी सु. ३४ टक्के मुले सुधारली. औषध घेणाऱ्यांत अतिचंचलता, निद्रानाश आणि स्वतः पुनरावृत्त हालचाली यांची वाढ मात्र अधिक दिसली. फ्लुओक्सेटीनाच्या ऑस्ट्रेलियातील २०१९ च्या चाचणीत १४६ मुले व किशोर होते. तीत प्रथमदर्शनी लाभ दिसला, परंतु दोन्ही गटांतील प्रारंभीचा फरक हिशोबात धरल्यावर तो निश्चित राहिला नाही. प्रौढांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. २०१२ मध्ये ३७ स्वमग्न प्रौढांच्या चाचणीत त्याच औषधाने अनिवार्य लक्षणे कमी झाली.

मानसोपचारांपैकी भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जाऊन नेहमीची कृती टाळण्याची पद्धती १९६६ मध्ये लंडन येथे व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांच्या आधारे मांडली. तीच पुढे मंत्रचळाची मुख्य चिकित्सा झाली. ती स्वमग्न व्यक्तींसाठी बदलून घ्यावी लागते. भावना शब्दांत सांगण्याऐवजी चित्रे, अंकांची शिडी, लेखी वेळापत्रक यांचा वापर केला जातो. आई-वडिलांना सत्रांत सहभागी करतात आणि सत्रे अधिक संख्येने ठेवतात. लंडनमध्ये ४६ किशोर व प्रौढांवर झालेल्या २०१३ च्या चाचणीत अशा चिकित्सेने ४५ टक्के जणांना, तर चिंता आटोक्यात ठेवण्याच्या साध्या शिक्षणाने २० टक्के जणांना स्पष्ट लाभ झाला. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्या सरासरींतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम ठरला नाही. अशी चिकित्सा देऊ शकणारे प्रशिक्षित तज्ञ मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी आपल्या मुलाला घेऊन येणाऱ्या पालकाच्या पुढे औषध, प्रतीक्षा किंवा कोणी सुचविलेला पर्यायी उपाय एवढेच मार्ग उरतात. पर्यायी उपचारांकडे वळणाऱ्यांना भोळे ठरविण्यापूर्वी ही वस्तुस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे.

परीक्षणातील अडचण : पर्यायी उपायांच्या परीक्षणात सर्वांत बोधप्रद प्रकरण सिक्रेटिनाचे आहे. हे आतड्यात तयार होणारे हॉर्मोन स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी टोचले जात असे. अशा तपासणीनंतर तीन स्वमग्न मुलांचे वर्तन सुधारल्याचे वृत्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत या औषधाला एकाएकी प्रचंड मागणी आली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर काटेकोर चाचणी झाली. कोणाला सिक्रेटीन व कोणाला मिठाचे पाणी टोचले हे मुले, पालक व परीक्षक यांपैकी कोणालाच माहीत नव्हते. दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. त्यापुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. हा निष्कर्ष सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी आपल्या मुलासाठी सिक्रेटिनात रस असल्याचे सांगितले. नंतर एकूण १६ चाचण्या व ९०० हून अधिक मुले यांचा आढावा घेण्यात आला. लाभाचा पुरावा मिळाला नाही.

पालकांनी खोटे सांगितले असा याचा अर्थ नाही. पुनरावृत्त वर्तन मुळातच भरती-ओहोटीने चालते. परीक्षा, पाहुणे, घरबदल, बद्धकोष्ठ, दातदुखी यांनी ते वाढते व कारण सरले की ओसरते. उपाय बहुधा भरतीच्या वेळी सुरू होतो आणि ओहोटीचे श्रेय त्याला मिळते. शिवाय नवा उपाय सुरू झाला की मुलाकडे घरातील सर्वांचे अधिक प्रेमाने लक्ष जाते, त्याला रागावणे कमी होते, आणि एवढ्यानेही चिंता उतरते. म्हणूनच पुढे उल्लेखिलेल्या उपायांबाबत छद्मौषधाशी तुलना झाली आहे किंवा नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

एन-ॲसिटिल सिस्टीन : पर्यायी द्रव्यांपैकी सर्वाधिक अभ्यास या द्रव्याचा झाला आहे. सिस्टीन या ॲमिनो अम्लापासून ते बनते. कफ पातळ करण्यासाठी व पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून वैद्यकात ते फार पूर्वीपासून वापरात आहे. शरीरात त्यापासून ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करणारे द्रव्य तयार होते. मेंदूच्या पेशींत सिस्टीन आत घेताना ग्लुटामेट बाहेर टाकले जाते. या देवघेवीतून तंत्रिकासंधीजवळील ग्लुटामेटाचे नियमन होते, अशी कल्पना आहे. अनिवार्यतेशी संबंधित असलेल्या मेंदूच्या वलयाकार जोडण्यांत ग्लुटामेट हे प्रमुख प्रेषक असल्याने या द्रव्याविषयी आशा निर्माण झाली. केस उपटण्याची अनिवार सवय असलेल्या ५० जणांवर २००९ मध्ये झालेल्या चाचणीत ते परिणामकारक ठरले आणि आशेला बळ मिळाले.

स्वमग्न मुलांवरील पहिली चाचणी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. ३३ मुलांना १२ आठवडे क्रमाक्रमाने वाढविलेली मात्रा (९०० मिग्रॅ. रोज एकदा, नंतर दोनदा व शेवटी तीनदा) देण्यात आली. चिडचिड स्पष्टपणे कमी झाली आणि काही ठराविक हालचालींतही घट दिसली. पुढील चाचण्यांनी मात्र निराशा केली. २०१६ मध्ये ३१ मुलांच्या चाचणीत रक्तातील ग्लुटाथायोन वाढले, पण सामाजिक वर्तन बदलले नाही. ऑस्ट्रेलियात १०२ मुलांना रोज ५०० मिग्रॅ. याप्रमाणे सहा महिने दिलेल्या औषधाचा छद्मौषधापेक्षा अधिक उपयोग झाला नाही (२०१७). केस उपटणाऱ्या लहान मुलांतही प्रौढांसारखा लाभ दिसला नव्हता. मात्रा कमी पडली, की पहिल्या चाचणीतील लाभ योगायोगाचा होता, यावर वाद आहे. एकंदरीत पाहता हे द्रव्य चिडचिडीच्या बाबतीत विचारार्ह आहे. अनिवार्य कृतींवरील उपाय म्हणून त्याची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही. मळमळ, जुलाब व गंधकासारखा उग्र वास हे त्याचे नेहमीचे दोष होत. वासामुळे कित्येक मुले ते घेण्यास नकार देतात. दमा असलेल्यांत ते जपून वापरावे लागते.

इनॉसिटॉल : शर्करेसारखे गोड असलेले हे द्रव्य फळांत व कडधान्यांत आढळते व पेशींतील संदेशवहनात भाग घेते. इझ्राएलमध्ये १९९६ साली अनिवार्यता विकृतीच्या १३ रुग्णांना ते रोज १८ ग्रॅ. या मोठ्या मात्रेने सहा आठवडे देण्यात आले. छद्मौषधाच्या तुलनेत लक्षणे कमी झाली. नंतर १९९९ मध्ये चालू औषधांच्या जोडीला ते दिले असता अधिक लाभ आढळला नाही. त्याच संशोधकांच्या वर्तुळातून १९९७ मध्ये नऊ स्वमग्न मुलांवर (प्रतिकिग्रॅ. वजनास २०० मिग्रॅ.) चाचणी झाली व ती निष्फळ ठरली. पर्यायी उपचारांच्या प्रचारात १९९६ ची चाचणी हमखास उद्धृत होते. १९९७ ची क्वचितच होते.

जीवनसत्त्वे व आहार : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात स्वमग्नता ही आईच्या थंडपणाने होत नसून तिचे मूळ मेंदूत आहे, असे साधार प्रतिपादन केले. या कार्याबद्दल असंख्य पालक त्यांचे ऋणी आहेत. त्यांनीच १९७० नंतरच्या दशकात ब६ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला. या उपायाच्या स्वीकारार्ह चाचण्या संख्येने फार थोड्या व अत्यंत लहान असून त्यांवरून २००५ च्या आढाव्यात कोणताही अनुकूल निष्कर्ष काढता आला नाही. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व निरुपद्रवी असते हा समज येथे धोक्याचा आहे. रोज २ ते ६ ग्रॅ. ब६ घेणाऱ्या सात प्रौढांत पायांच्या संवेदना जाऊन चालणे अवघड झाल्याचे वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. बधिरता आली आहे हे न बोलणारे मूल सांगू शकणार नाही.

गहू व दूध पूर्णपणे वर्ज्य करण्याचा आहार महाराष्ट्रातील पालकांतही प्रचलित आहे. काटेकोर चाचण्यांत त्याने पुनरावृत्त वर्तन कमी झाल्याचे आढळलेले नाही. ज्या मुलाला खरोखरच गव्हातील ग्लुटेन किंवा दूध सोसत नाही, त्याची गोष्ट निराळी. तेथे पोटदुखी थांबल्याने वर्तनही निवळते. पण आधीच चार-दोन पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या ताटातून पोळी व दही काढून घेतल्यास प्रथिने व कॅल्शियम कमी पडण्याची भीती असते. दूध वर्ज्य करणाऱ्या स्वमग्न मुलांची हाडे अधिक पातळ असल्याचे एका अमेरिकन पाहणीत दिसले आहे.

वनस्पतिज औषधे : यूरोपात खिन्नतेवर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट (हायपेरिकम पर्फोरेटम ) ही वनस्पती मंत्रचळावरही देण्यात आली. १२ रुग्णांवरील खुल्या प्रयोगात (२०००) ती गुणकारी वाटली. ६० रुग्णांवर छद्मौषधाशी तुलना केल्यावर (२००५) तो गुण नाहीसा झाला. ती यकृतातील विघटनाची गती वाढवून अन्य अनेक औषधांचा परिणाम घटविते, आणि सिरोटोनिनावर कार्य करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास ज्वर, कंप व गोंधळलेपण यांनी युक्त अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. स्वमग्न व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण अधिक असल्याने त्यांपैकी कित्येकांना झटक्यांवरील औषधे चालू असतात. त्यांच्या बाबतीत ही वनस्पती टाळणेच इष्ट होय.

इराणमध्ये मिल्क थिसल (सिलिबम मेरियानम ) या वनस्पतीची फ्लुओक्सेटिनाशी (२०१०) आणि केशराची फ्लुव्होक्झामिनाशी (२०१७) तुलना करण्यात आली व दोहोंत फरक आढळला नाही. छद्मौषधाचा तिसरा गट नसल्याने, दोन्ही औषधे सारखीच गुणकारी होती की दोन्ही गट काळाच्या ओघात सुधारले, हे अशा तुलनेवरून ठरविता येत नाही. अश्वगंधेच्या (विथानिया सोम्निफेरा ) मुळाचा अर्क रोज १२० मिग्रॅ. याप्रमाणे चालू औषधांच्या जोडीला सहा आठवडे दिला असता ३० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) मंत्रचळाची लक्षणे छद्मौषधापेक्षा अधिक घटली. चाचणी छद्मौषधासह झाल्याने तिचे मूल्य वरील दोहोंपेक्षा अधिक आहे. पण ती लहान होती. या सर्व चाचण्या केवळ अनिवार्यता विकृतीच्या रुग्णांवरील असून स्वमग्न मुलांना त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

आयुर्वेद : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराच्या अध्यायात (अध्याय १०) ‘अतत्त्वाभिनिवेश’ या व्याधीचे वर्णन येते. बुद्धी विपरीत होऊन नित्य-अनित्य, हित-अहित यांविषयी चुकीचा आग्रह जडणे हे तिचे लक्षण सांगितले असून तिला महान व्याधी म्हटले आहे. आधुनिक वैद्य तिचे मंत्रचळाशी साम्य दाखवितात. साम्य आहे, परंतु दोन्ही एकच होत असे मानण्यास आधार नाही; मूळ वर्णनात आधुनिक भ्रमविकृतीचीही लक्षणे मिसळलेली दिसतात. चिकित्सेत शोधनानंतर पंचगव्यघृत, ब्राह्मी, शंखपुष्पी आदी मेध्य द्रव्ये सांगितली आहेत. त्याचबरोबर रुग्णाला अनुकूल असलेल्या विश्वासू सुहृदांनी त्याला ज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांकडे वळवावे, असेही तेथे सुचविले आहे. औषधांच्या यादीवर भर देणाऱ्या आजच्या जाहिरातींत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

या द्रव्यांपैकी वेखंडाचा (ॲकोरस कॅलॅमस ) स्वतंत्र उल्लेख करणे जरूर आहे. महाराष्ट्रात बाळगुटीत ते उगाळून देतात, आणि मूल उशिरा बोलू लागल्यास ते मधात उगाळून जिभेला लावण्याची चाल आहे. बोलण्यातील विलंब हे स्वमग्नतेचे पालकांना प्रथम जाणवणारे लक्षण असल्याने अनेक मुलांचा पहिला ‘उपचार’ वेखंडानेच होतो. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन हे द्रव्य विपुल असते. जम्मूकडील वेखंडाच्या तेलाने उंदरांच्या आतड्यात अर्बुदे निर्माण झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. गुटीतील एखाद-दुसऱ्या वळशाने अपाय होतो असे यावरून सिद्ध होत नाही. महिनोन्‌महिने चमच्याने देणे मात्र समर्थनीय नाही. रसौषधींबाबत धोका अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिशाचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम निर्विवाद आहे, आणि माती, रंग यांसारख्या अखाद्य वस्तू तोंडात घालणाऱ्या स्वमग्न मुलांत शिशाचा भार आधीच अधिक असू शकतो.

व्यायाम व योग : द्रव्यरूप उपायांच्या तुलनेत शारीरिक व्यायामाची बाजू अधिक भक्कम आहे. धावणे, पोहणे, चेंडूचे खेळ यांनंतर काही काळ पुनरावृत्त हालचाली कमी होतात, हे १९८० नंतरच्या अनेक छोट्या प्रयोगांत दिसून आले. इराणमध्ये ३० मुलांपैकी १५ जणांना १४ आठवड्यांत ५६ सत्रे कराटेतील ‘काता’ शिकविण्यात आले (२०१२). त्यांच्या ठराविक हालचाली सु. ४२ टक्क्यांनी घटल्या आणि वर्ग थांबल्यावर महिन्यानेही सुधारणा टिकून होती. काता म्हणजे पवित्र्यांचा ठरलेला, न बदलणारा क्रम. क्रमाची ओढ असलेल्या मुलाला त्याच ओढीला धरून नवे कौशल्य दिले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सूर्यनमस्कारांसारख्या ठरीव क्रमाच्या व्यायामाचाही याच न्यायाने उपयोग करून घेता येण्यासारखा आहे. अर्थात अशा चाचणीत छद्म व्यायाम देता येत नसल्याने परीक्षकांच्या अपेक्षेचा प्रभाव पूर्णतः वगळता येत नाही. योगासने व प्राणायाम यांवरील अभ्यास लहान आहेत. झोप व चिंता यांत त्यांनी सुधारणा होते असे त्यांवरून दिसते. जलद श्वसनाचे प्रकार झटके येणाऱ्या मुलांना देऊ नयेत.

मुलाभोवतीची परिस्थिती बदलणे हाही एक उपाय असून पर्यायी उपचारांच्या चर्चेत त्याला फारसे स्थान मिळत नाही. उद्या काय होणार हे चित्रांच्या तक्त्यावर लावून ठेवल्यास ‘उद्या कोण येणार’ हा प्रश्न शंभर वेळा विचारण्याची गरज कमी होते. मिक्सरचा आवाज, शाळेच्या गणवेशाचे कडक कापड, नळिकादिव्याची थरथर यांचा त्रास दूर केल्यावर कित्येक कृती आपोआप थांबतात. याला खर्च नाही व विक्रेताही नाही.

अपायकारक उपाय : काही उपाय निरुपयोगीच नव्हे, तर प्राणघातक आहेत. स्वमग्नता पाऱ्यामुळे होते या चुकीच्या समजुतीतून शरीरातील धातू बांधून बाहेर काढणारी औषधे मुलांना टोचण्यात आली. अशा एका उपचारात २००५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचा मुलगा मरण पावला. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून त्याचे हृदय थांबले. क्लोरीन डाय-ऑक्साइड हे विरंजक द्रव्य पाजणे किंवा त्याचा बस्ती देणे हा त्याहून अघोरी प्रकार होय. त्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० व २०१९ मध्ये इशारे दिले. आतड्याचे सोललेले अस्तर बाहेर पडते, त्याला या उपायाचे पुरस्कर्ते ‘कृमी’ म्हणून दाखवितात.

भारतात स्वमग्नतेवर मूल कोशिकांची (स्टेम सेल) अंतःक्षेपणे देण्याचा व्यवसाय मुंबईसह अनेक शहरांत फोफावला आणि त्यासाठी पालकांनी लाखो रुपये मोजले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपणे सोडता असा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूल कोशिका-उपचाराची शिफारस नाही, असे स्पष्ट केले व त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

उपाय करून पाहताना : अनिवार्य कृती एकाएकी, म्हणजे दोन-चार दिवसांत, सुरू झाल्या वा फार वाढल्या, तर कोणताही पर्यायी उपाय करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी लागते. घशाच्या जंतुसंसर्गानंतर लहान मुलांत असे घडल्याची उदाहरणे १९९८ पासून वर्णिली गेली आहेत. कान, दात, पोट यांतील वेदना आणि नवे औषध ही कारणेही तपासावयाची असतात. स्वतःला चावणे वा डोके आपटणे यांबाबत हे विशेषकरून खरे आहे.

लक्षणांचे मापन करण्यासाठी अनिवार्यता विकृतीची एक श्रेणी स्वमग्न मुलांकरिता २००६ मध्ये बदलून घेण्यात आली. मनातील विचार मुलाला सांगता येत नाहीत हे गृहीत धरून तीत केवळ कृतींची नोंद असते : कृतीत किती वेळ जातो, दिनक्रमात किती अडथळा येतो, अडविल्यास किती त्रास होतो, मूल स्वतः किती प्रतिकार करते व त्याचा ताबा किती राहतो. पालकांनाही याच पाच प्रश्नांची वही ठेवता येते. ती उपाय सुरू करण्यापूर्वी निदान दोन-तीन आठवडे लिहिलेली असेल, तर भरती-ओहोटी ओळखता येते. एका वेळी एकच बदल करावा, त्याची मुदत आधी ठरवावी आणि मुदतीनंतर तो थांबवून काय होते तेही लिहावे. वही शक्यतो उपायाची माहिती नसलेल्या व्यक्तीने, उदा., शाळेतील शिक्षिकेने लिहिल्यास अधिक विश्वसनीय होते.

स्वमग्न व्यक्ती बोलत असो वा नसो, कोणत्या कृतीचा तिला त्रास होतो व कोणत्या कृतीने तिला विसावा मिळतो हे तिच्याकडूनच शब्दांनी, चित्रांनी किंवा निरीक्षणाने जाणून घ्यावे लागते. विसावा देणारी कृती औषधाने दडपल्यास तिच्या जागी दुसरी, पुष्कळदा अधिक त्रासदायक, कृती उभी राहते. चालू असलेली झटक्यांवरील वा मनोविकारांवरील औषधे पर्यायी उपायाच्या भरवशावर अचानक बंद करणे धोक्याचे असते. घेतला जात असलेला प्रत्येक काढा, भुकटी व गोळी तिच्या वेष्टनासह वैद्याला दाखवावी, आणि दंतचिकित्सेसाठी भूल देण्याचा प्रसंग आल्यास भूलतज्ञालाही ती आधी सांगावी.